वेस्टपोर्ट : एका आयरिश बाजारगावाची ओळख

परदेशी गेलेला मनुष्य बहुधा राजधानी पाहतो, दोनचार संग्रहालये पालथी घालतो, आणि देश पाहिल्याच्या समाधानात परत येतो. राजधान्या सगळीकडे थोड्याफार एकमेकींसारख्याच असतात. देशाचा खरा स्वभाव कळायचा असेल, तर आठवड्याचा बाजार भरणाऱ्या एखाद्या लहान गावी जाऊन चार दिवस मुक्काम करावा, असे आमचे मत आहे. बाजारगावात शेतकरी येतो, दुकानदार त्याची वाट पाहत असतो, पैशाची आणि बातमीची देवघेव तेथेच होते; आणि जमीन कोणाची, कष्ट कोणाचे, हा जुना हिशेबही तेथे रस्त्यांच्या आखणीत लिहिलेला सापडतो. फक्त तो वाचता आला पाहिजे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेस्टपोर्ट या गावात तो आम्ही कसा वाचला, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून सुटणारी गाडी अॅथलोन येथे शॅनन नदी ओलांडते आणि तीन तासांहून थोड्या अधिक वेळाने वेस्टपोर्टला थांबते. हे गाव मेयो परगण्यात आहे. मेयो हे नाव आपल्याला परके नाही. नागपूरचा मनुष्य आजही 'मेयो'त औषधाला जातो. ज्या व्हाइसरॉयच्या नावावरून त्या रुग्णालयाला हे नाव मिळाले, आणि ज्याला १८७२ साली शेर अली आफ्रिदी याने अंदमानात ठार केले, त्या लॉर्ड मेयोची पदवी याच परगण्याच्या नावाची होती. सांगावयाचे इतकेच की, नकाशावर हा मुलुख दूर असला तरी त्याचा आणि आपला धनी एके काळी एकच होता.

स्थानकावरील पाटी दोन भाषांत आहे. इंग्रजीत वेस्टपोर्ट, म्हणजे पश्चिमेचे बंदर. वर आयरिश भाषेत 'काहिर ना मार्ट'. याचा अर्थ गुराढोरांची गढी. एका गावाला दोन नावे असतात तेव्हा ती बहुधा एकमेकांची भाषांतरे असतात. येथे तसे नाही. येथे ही दोन नावे दोन निरनिराळ्या गावांची आहेत, आणि त्यांतले एक गाव आज जागेवर नाही. जुने काहिर ना मार्ट हे गाव खाडीच्या बाजूस, आज जमीनदाराचा वाडा आणि त्याची हिरवळ आहे तेथे वसलेले होते. अठराव्या शतकात ब्राउन घराण्याने वाडा बांधला, वाढवला, त्याभोवती बाग मांडली. बागेच्या आड गाव येऊ लागले, तेव्हा ते मोडून टाकले आणि थोडे आत, टेकडीच्या उतारावर, नवे गाव आखून वसवले. आपल्याकडे धरणासाठी गावे उठली. येथे देखाव्यासाठी उठले.

मात्र नवे गाव आखले ते मोठे देखणे, हे कबूल केलेच पाहिजे. आयर्लंडातील बहुतेक गावे रस्ता जाईल तशी वाढलेली आहेत. वेस्टपोर्ट कागदावर रेघा मारून वसवलेले आहे. कॅरोबेग नावाची लहानशी नदी दगडी भिंतींमध्ये सरळ करून गावातून नेली आहे. तिच्या दोन्ही काठांनी रस्ते, रस्त्यांच्या कडेने लिंडनची झाडे आणि ओलांडायला दगडी कमानींचे पूल. तेथून रस्ते चढणीने वर जातात आणि एक रस्ता अष्टकोनी चौकात पोचतो. या चौकाला 'ऑक्टॅगन' असेच म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही दुसरे काही केले नाही. नदीपासून चौकापर्यंत आणि चौकापासून परत नदीपर्यंत चारपाच वेळा चाललो. गाव इतके लहान आहे की तासाभरात संपते. सगळी वस्ती सहासात हजारांची.

दुकानांच्या पाट्यांवर मालाच्या आधी घराण्याचे नाव रंगवलेले असते. किराणा आणि मद्य यांची दुकाने पूर्वी एकच असत. पुढच्या फळीवर चहा, साखर, खिळे, दोर आणि मागच्या बाजूस पिण्याची सोय. शेतकऱ्याने बाजार करावा आणि त्याच छपराखाली बसावे, अशी ही योजना. आज किराणा बहुतेक ठिकाणी गेला असला तरी काही जुन्या दुकानांतून त्या फळ्या शोभेसाठी जपून ठेवल्या आहेत. अनोळखी माणसाशी बोलणे हवेवरून सुरू होते. बारीक पाऊस दिवसभर झिमझिमत असला तर 'आजचा दिवस मऊ आहे' असे म्हणतात, आणि ही तक्रार नसते. अॅटलांटिकवरून येणारे वारे हा पाऊस वर्षभर आणीत असतात. आमच्या चार दिवसांपैकी तीन दिवस चांगलेच मऊ होते.

आता चौकाच्या मध्यभागी असलेल्या खांबाकडे वळू. आमच्या मते वेस्टपोर्टची खरी बखर म्हणजे हा खांब. १८४५ च्या सुमारास तो उभारला गेला आणि त्यावर पुतळा बसवला तो जॉर्ज ग्लेन्डेनिंग नावाच्या एका बँकवाल्याचा. बाजाराच्या दिवशी चौकात बटाटे घेऊन उभा राहणारा कुणबी मान वर करी, तेव्हा त्याला देव दिसत नसे, राजा दिसत नसे. पेढीचा मालक दिसे. पुढे १९२२ साली आयर्लंडात यादवी युद्ध पेटले. त्या धामधुमीत सैनिकांनी नेमबाजीसाठी हा पुतळा निवडला आणि त्याचे डोके उडवले. बिनडोक्याचा ग्लेन्डेनिंग आणखी वीसएक वर्षे तसाच उभा होता. १९४३ मध्ये उरलेला भाग खाली उतरवला गेला. त्यानंतर सुमारे सत्तेचाळीस वर्षे तो खांब रिकामा राहिला, आणि १९९० मध्ये त्यावर संत पॅट्रिक येऊन बसले. कोणाला उतरवायचे हे लोक एका दुपारी ठरवतात. त्याच्या जागी कोणाला बसवायचे हे ठरायला अर्धे शतक लागते.

गुरुवार हा येथला जुना बाजाराचा दिवस. आता त्या दिवशी चौकात मांडलेल्या मालात घरची अंडी, कोबी, बटाटे, सोडा घालून भाजलेला तपकिरी पाव, मुरांबे, लोकरीचे विणकाम आणि कुंडीतली रोपे दिसतात. विकणारे पुष्कळसे वयस्कर, आणि घेणाऱ्याला घाई नाही. पण हा बाजाराचा उरलेला अंश आहे. पूर्वी गुरांचा बाजार रस्त्यावरच भरे. पहाटे अंधारात मैलोगणती गुरे हाकीत माणसे येत, दुकानांच्या दारांपुढे लाकडी आडणे लावून काचा वाचवाव्या लागत, आणि सौदा ठरला की तळहातावर थुंकून एकमेकांच्या हातावर टाळी देत. पैसे मोजून झाल्यावर विकणाऱ्याने घेणाऱ्याला एक लहानसे नाणे परत द्यायचे. ते शकुनाचे. आपल्याकडे उपरण्याखाली बोटे धरून बैलाची किंमत ठरते, त्याचीच ही भावंडे. १९५० नंतरच्या दहापंधरा वर्षांत देशभर सहकारी लिलावघरे निघाली, तेथे काट्यावर वजन आणि उघड बोली सुरू झाली, आणि रस्त्यावरचे गुरांचे बाजार बंद पडत गेले. या लिलावघरांना 'मार्ट' म्हणतात. गावाच्या जुन्या नावातला 'मार्ट' म्हणजे गूर, हा 'मार्ट' म्हणजे बाजार. दोन्ही भाषांचा हा निव्वळ योगायोग. शेतकऱ्याला मात्र लिलावघराने फायदाच झाला, कारण दलालाच्या तोंडी हिशेबातून तो सुटला. रंग गेला म्हणून हळहळणारे बहुधा गुरे विकणारे नसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदराकडे गेलो. हे गावापासून दीडदोन किलोमीटरवर आहे आणि तेथे धक्क्याला लागून उंच दगडी वखारींची रांग आहे. आज त्यांत हॉटेले आणि राहती घरे झाली आहेत. आपण विचारले पाहिजे की, इतक्या लहान बंदराला एवढ्या मोठ्या वखारी कशाला लागत होत्या? उत्तर आहे धान्य. येथून ओट नावाचे धान्य जहाजांनी बाहेर जाई. आणि हे धान्य पिकवणारे कुटुंब काय खाई? बटाटा.

ही व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यात आहे. जमीन जमीनदाराची. शेतकरी कूळ, आणि तेही बहुधा वर्षाच्या कराराचे. जमीन सुधारली तर खंड वाढे, थकला तर घर सोडावे लागे. ओट पिकवायचे ते विकून खंड भरण्यासाठी. डुक्कर पोसायचे तेही खंडासाठीच, म्हणून लोक त्याला गमतीने 'घरभाडे भरणारा सभ्य गृहस्थ' म्हणत. कुटुंबाच्या पोटासाठी राहत असे तो जमिनीचा एक कोपरा, आणि एवढ्याशा तुकड्यात पाचसात माणसे जगवील असे पीक एकच. १८४५ मध्ये या बटाट्यावर करपा आला. कुळापुढे दोन वाटा राहिल्या : ओट खाऊन जगावे आणि खंड थकल्याबद्दल बेघर व्हावे, किंवा ओट विकून खंड भरावा आणि उपाशी मरावे. धान्याने भरलेली वखार आणि उपाशी माणूस एकाच गावात कसे, हे कोडे दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मुलखाला समजावून सांगण्याची गरज नाही. १८४७ मध्ये सरकारने आणखी एक कलम घातले : पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. म्हणजे घास हवा असेल तर आधी जमीन सोडावी लागे. १८४१ च्या शिरगणतीत मेयो परगण्यात सुमारे ३,८८,००० माणसे होती. १८५१ मध्ये ती सुमारे २,७४,००० उरली. आज ती १,३८,००० च्या आसपास आहे. त्या काळी कलकत्त्यात आयर्लंडसाठी वर्गणी गोळा झाली होती आणि तिच्यात तेथील आयरिश सैनिकांनी हातभार लावला होता, हेही नोंदवले पाहिजे.

बंदरापासून पश्चिमेला मरिस्क येथे किनाऱ्यालगत काशाचे एक जहाज उभे आहे. जॉन बेहन या शिल्पकाराचे हे काम १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांनी उघडले. लांबून शिडे आणि दोर वाटतात; जवळ गेले म्हणजे दिसते की ते हाडांचे सापळे आहेत. आणखी पुढे लुइसबर्ग गावापलीकडे डोंगरातून डुलॉख तळ्याकाठी जाणारा रस्ता आहे. १८४९ च्या मार्चअखेर उपाशी लोक लुइसबर्गला मदतीसाठी तपासणी करून घ्यायला जमले होते. तपासणारे अधिकारी तेथून डेल्फी येथील बंगल्यावर निघून गेले आणि सकाळी तेथे हजर व्हा, असा निरोप ठेवला. माणसे रात्रीच्या थंडीत डोंगर चालून गेली. तेथे त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवण्यात आले, आणि येताजाता रस्त्यावर कित्येकजण पडले ते उठले नाहीत. किती, याबद्दल एकमत नाही. त्या वाटेने आज दर वर्षी लोक आठवणीने चालतात. आम्ही मोटारीने गेलो. पाऊस होता, आणि चारपाच मैलांत एक घर दिसले नाही.

जमीनदाराचा वाडा आत जाऊन पाहता येतो. ग्रॅन्यूएल उर्फ ग्रेस ओमॅली या सोळाव्या शतकातील दर्यावर्दी स्त्रीच्या घराण्याची गढी पूर्वी येथे होती, आणि तिची तळघरे वाड्याखाली दाखवतात. ही बाई १५९३ मध्ये थेट एलिझाबेथ राणीपुढे जाऊन बोलणी करून आली. ब्राउन कुटुंब स्वतःला तिचे वंशज म्हणवी. या कुटुंबाच्या संपत्तीचा एक मोठा भाग जमैकातील मळ्यांचा होता, म्हणजे गुलामांच्या कष्टांचा. आणि त्याच कुटुंबातील दुसरा मार्क्विस ऑफ स्लायगो १८३४ मध्ये जमैकाचा गव्हर्नर झाला, तो गुलामांच्या बाजूने बोलून तेथील मळेवाल्यांचा रोष ओढवून बसला. जमैकात त्याच्या नावाचे स्लायगोव्हिल गाव आहे. त्याच्या मुलाने दुष्काळात कर्ज काढून कुळांना अन्न दिले, आणि पुढे कर्ज डोईजड झाल्यावर कुळांना घराबाहेरही काढले. माणूस बरा असूनही व्यवस्था त्याच्या हातून काय करवते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळते. २०१७ मध्ये हा वाडा विकला गेला, आणि घेतला गावच्याच एका उद्योजक कुटुंबाने.

तिसऱ्या दिवशी आम्ही १८७९ च्या सभेची माहिती काढीत हिंडलो. त्या वर्षी पीक बुडाले होते आणि शेतमालाचे भाव पडले होते. ८ जून १८७९ रोजी वेस्टपोर्टला कुळांची सभा झाली. मायकेल डॅविट हा मेयोचाच मनुष्य. १८४६ मध्ये, ऐन दुष्काळात जन्मलेला, आणि लहानपणीच आईबापांबरोबर घरातून हुसकलेला. त्याने ही सभा जुळवली आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल या पार्लमेंटातील पुढाऱ्याला बोलावले. सभेच्या आदल्या दिवशी आर्चबिशपचे विरोधी पत्र वर्तमानपत्रात झळकले. सनातनी श्रद्धेच्या त्या मुलखात हे साधे संकट नव्हे. पार्नेल तरीही आला. आपापले घर आणि जमीन घट्ट धरून ठेवा, हा त्याच्या भाषणाचा आशय होता. चारच महिन्यांनी डब्लिनमध्ये लँड लीग स्थापन झाली.

आणि या चळवळीतून जगाला एक शब्द मिळाला. वेस्टपोर्टहून मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर लॉख मास्क नावाचे तळे आहे. त्याच्या काठी लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहत होता. १८८० च्या सप्टेंबरात कुळांनी खंडात सूट मागितली, त्याने घर सोडण्याच्या नोटिसा काढल्या. कोणी त्याच्यावर हात उचलला नाही. फक्त नोकर कामावर येईनासे झाले, लोहार नाल ठोकीना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना, पोरगा टपाल आणीना. शेतातले पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकासाठी सुमारे दहा हजार पौंड खर्च झाले. पीक निघताच कॅप्टन आयर्लंड सोडून गेला. या कृतीला नाव काय द्यावे असा प्रश्न पडला, तेव्हा तेथील पाद्री फादर ओमॅली यांनी कॅप्टनचेच आडनाव सुचवले, असे सांगतात.

पुढे १९०५ मध्ये स्वदेशीबरोबर हाच 'बॉयकॉट' टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार म्हणून आला, आणि १९१६ मध्ये त्यांनी बेळगावला होमरूल लीग काढली तिचे नावही आयर्लंडचेच. तेव्हा आयर्लंडापासून आपण शिकलो, हे खरे. पण श्रोत्यांच्या नजरेस एक सनावळी आणावीशी वाटते. बॉयकॉटच्या प्रकरणाच्या सहा वर्षे आधी, १८७४ च्या डिसेंबरात, आपल्या शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकाराने एका कर्जदाराचे घर जप्त करविले, तेव्हा गावाने सावकारांशी व्यवहार तोडला होता. त्यांची शेते कोणी कसेना; न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, सगळ्या बलुतेदारांनी काम बंद केले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात खतपत्रांची होळी झाली, त्याची ही सुरुवात. करड्याच्या शेतकऱ्याने मेयोचे नाव ऐकले नव्हते, मेयोच्या कुळाने करड्याचे. जमिनीवरून उठवल्या जाणाऱ्या माणसाला दोन्ही ठिकाणी तोच उपाय सुचला. फरक पडला तो पुढे. आयर्लंडात १८८१ पासून एकामागून एक कायदे झाले, १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जावर कुळांनी जमिनी विकत घेतल्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोठी जमीनदारी बहुतेक संपली. दख्खनच्या शेतकऱ्याला १८७९ चा कायदा मिळाला. तो सावकाराला थोडा आवर घालणारा होता, जमिनीचा मालक बदलणारा नव्हता.

क्रो पॅट्रिक या ७६४ मीटर उंच डोंगराबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्याचे ढग चारही दिवस निघाले नाहीत. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात, काही अनवाणी. आषाढीची वारी पाहिलेल्याला त्याचे नवल वाटणार नाही.

चौथ्या दिवशी पाऊस थांबला आणि आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. वेस्टपोर्टहून अॅकिल बेटाकडे जाणारी आगगाडी १९३७ मध्ये बंद पडली. तिच्या वाटेवर आता ४२ किलोमीटरचा सायकलरस्ता आहे, मोटारींना मज्जाव. मुले, म्हातारे, गोऱ्या पर्यटकांचे तांडे, सगळे त्यावरून जातात. एका बाजूला खाडी; तिच्यात वर्षाच्या दिवसांइतकी बेटे आहेत, असे लोक सांगतात. जून १८९४ मध्ये अॅकिलची तरुण मुलेमुली बटाटे काढण्याच्या मजुरीसाठी स्कॉटलंडला निघाली होती. वेस्टपोर्टच्या धक्क्याजवळ आगबोट पाहायला सगळी एका बाजूला धावली, होडी कलंडली आणि बत्तीस जण बुडाले. या मार्गावरून अॅकिलला गेलेल्या पहिल्या गाडीतून त्यांची प्रेते गेली. १९३७ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमध्येच मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून अॅकिलची दहा मुले जळाली, आणि बंद पडण्याच्या बेतात असलेल्या त्याच मार्गावरून तीही घरी आली. मुंबईच्या बोटीची वाट पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला हे वाचताना १९४७ ची 'रामदास' आठवेल.

सायकलवाल्याने निघताना विचारले, वेस्टपोर्टहून अॅकिलला जाता, की अॅकिलहून वेस्टपोर्टला येता? आम्हाला फरक कळेना. वारा पश्चिमेचा असतो, तो म्हणाला. सायकली गाडीत टाकून अॅकिलला सोडतो, तेथून या, म्हणजे सगळी वाट वारा पाठीशी राहील. आम्ही त्याचे ऐकले.